पट्टीवहीतला सोमवार

१

मंगळवारी दुपारी तीन वाजता मालकीणबाईंनी भिंगखोलीचं दार उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काळ्या मखमलीचं स्टँड जागच्या जागी होतं. त्यावरचं भिंग मात्र नव्हतं.

भिंग म्हणजे काही चष्म्याची काच नव्हे. ताटलीएवढं मोठं, दोन बोटं जाड, अकरा महिने घोटून घोटून तयार केलेलं. एका वेधशाळेच्या दुर्बिणीत ते बसणार होतं आणि गुरुवारी सकाळी दहाला तिथली माणसं ते न्यायला येणार होती. भिंगखोलीला खिडकी नाही. दार एकच, आणि त्याचं कुलूप नंबरावर चालणारं. ज्याचा नंबर त्याच्या कार्डात, आणि कोणी कधी दार उघडलं ते कॉम्प्युटरात उमटतं. मालकीणबाईंनी ती यादी उघडली. त्याआधी सकाळपासून दार एकदाच उघडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, एक वाजून बावीस मिनिटांनी. नंबर सतरा.

सतरा नंबर करंटचा.

करंट म्हणजे वर्कशॉपचा इलेक्ट्रिशियन. वय चौतीस, हात कुशल, तोंड त्याहून कुशल. त्याच्याकडे कार्ड नव्हतंच. बारा दिवसांपूर्वी त्यानं तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप पोस्टानं मागवली होती आणि सोबत आलेल्या जाड सुईनं ती स्वतःच स्वतःच्या डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीमधल्या मऊ मांसात, घुसवली होती. कार्डातला नंबर चिपवर उतरवला होता. मग चहाच्या टेबलाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कार्डाचे कात्रीनं चार तुकडे केले होते.

"आता माझी किल्ली माझ्या कातडीखाली," असं तो तेव्हा छाती फुगवून म्हणाला होता. "चोरायची असेल तर हातच चोरून न्यावा लागेल."

हे वाक्य आता सगळ्यांना शब्दन् शब्द आठवलं.

२

वर्कशॉपच्या अंगणापलीकडे प्रथमोपचाराची खोली आहे. आसपासच्या चार कारखान्यांची मिळून ती एकच. तिथे बसते ती करंटची सख्खी आत्या. पण तो आत्या म्हणतो म्हणून चारही कारखान्यांत ती सगळ्यांचीच आत्या झाली. मोठ्या रुग्णालयाच्या ड्रेसिंग विभागात तिनं एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाली, पण जखम दिसली की तिचे हात अजून शिवशिवतात.

करंट आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत्या, मी मेलो."

"आधी हात दाखव," आत्या म्हणाली. आभाळ कोसळलं तरी तिचं पहिलं वाक्य हेच असायचं.

हात ठीक होता. खपली कोरडी, लाली उतरलेली, खाली छोटीशी कडक गाठ. आत्याला बरं वाटलं, कारण या हातानं तिच्या जिवाला घोर लावला होता. पहिल्या दिवशी तिनं भाच्याला फैलावर घेतलं होतं. स्वतःच्या अंगात सुई खुपसायचा हा कसला शौक, म्हणून. पण करून बसलाच होता, तेव्हा मग पथ्यं सांगितली. दोन आठवडे त्या हातानं जड उचलायचं नाही. जागा चोळायची नाही, पाण्यात बुडवायची नाही. चिपभोवती शरीर हळूहळू आपलं अस्तर विणतं, तोवर ती आत सैल असते. करंटनं मान डोलावली आणि पाचव्या दिवशी त्याच हातानं अख्खी मोटर उचलली. झालं. जखमेचं तोंड उघडलं, पाणी वाहू लागलं, हात सुजला. सूज आली तशी दारंही रुसली. करंट दारापाशी उभा राहून मांजरानं अंग घासावं तसा हात घासायचा, पाचव्या-सहाव्या वेळी कुठे कुलूप ऐकायचं, आणि सगळं वर्कशॉप हसून लोळायचं.

"एक बावीसला कुठे होतास?" आत्यानं विचारलं.

"गच्चीवर. एकटाच. डबा खात होतो."

"आणि चिप?"

"चिपचं काय?"

"चालते का?"

करंटनं क्षणभर छताकडे पाहिलं. "एकदम झकास चालते. सूज उतरलीये ना आता."

तेवढ्यात दारात मालकीणबाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत्या, तुमच्याकडे बघून सांगते. सगळ्यांच्या पिशव्या, कपाटं, गच्ची, सगळं शोधून झालंय. गुरुवारी सकाळी दहापर्यंत भिंग जागेवर आलं तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आलं तर पोलिस, आणि मी नाव एकच सांगणार. मला दुसरं नाव माहीत असतं तर सांगितलं असतं."

त्या गेल्या. करंटचे डोळे भरून आले होते. बाप गेल्यापासून आत्यानंच त्याला वाढवलं होतं. हा पोरगा बढाईखोर आहे, आगाऊ आहे, कानाला खडा लावूनही पुन्हा तेच करणारा आहे. पण चोर नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. पण यादीत नंबर सतरा होता, आणि आत्याच्या माहीत असण्याला तिथे कोण विचारतो?

३

बुधवारी सकाळी आत्या पट्ट्यांचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये शिरली. डबा हातात असला की तिला कोणी अडवत नाही.

आधी गाठली स्टोअर सांभाळणाऱ्या वहिनींना. वहिनींच्या कमरेला अजूनही जुन्या किल्ल्यांचा जुडगा होता. नंबराची कुलपं आल्यापासून त्यातली एकही किल्ली कुठे लागत नव्हती, पण तो उतरवायला त्या तयार नव्हत्या.

"मी सांगत होते," वहिनी म्हणाल्या. "किल्ली कशी, हातात असते. दिसते. हे नंबर म्हणजे हवेतला कारभार."

"काल जेवताना तुम्ही कुठे होतात?"

"माझ्या टेबलाशी, दुसरीकडे कुठे जाणार? भिंगखोली या कोपऱ्याच्या पलीकडे. दिसत नाही, पण ऐकू येतं. एकदा टूं वाजलं आणि दार उघडलं. मला वाटलं बाई असतील."

"एकदाच वाजलं?"

"एकदाच."

"हात घासल्याचा, आपटल्याचा आवाज?"

वहिनींचा हात जुडग्यावरच थांबला. "अगं बाई! नाही हो. करंट असता तर आधी दोन मिनिटं शिव्या ऐकू आल्या असत्या."

आत्यानं हे मनात नोंदवलं. "त्या खोलीत कोणाकोणाचा नंबर चालतो?"

"बाईंचा, माझा आणि एसी बघतो म्हणून करंटचा. काकांचा चालायचा, पण शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी भिंगावर सही केली ना. सही झाली की बनवणाऱ्याचा नंबर काढून टाकतात. आमच्याकडची रीतच आहे ती. या भिंगवाल्यांचा हात राहत नाही हो. अजून थोडं घोटू, अजून थोडं, असं करत झालेल्या कामाची वाट लावतात."

दुसरा गाठला पॅकिंगवाला. अंगावर कायम पांढरे कण, म्हणून त्याचं नावच थर्माकोल पडलं होतं. मंगळवारी दीड वाजता त्याला एक गोल खोका बाहेर नेताना दोघांनी पाहिलं होतं. आत्यानं खोक्याचा विषय काढताच त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"घड्याळ होतं. भिंतीवरचं. सासूबाईंचं. इथे कामाच्या वेळात दुरुस्त केलं, एवढाच गुन्हा. बाईंनी घरी माणूस पाठवून बघितलं पण. सासूबाई आता माझ्याशी बोलत नाहीयेत."

"मग तुझा फायदाच झाला."

थर्माकोल हसला आणि मोकळा झाला. माणूस हसला की बोलतो, हा आत्याचा ड्रेसिंग विभागातला अनुभव. तिनं सहज विचारलं, "गेल्या चार-पाच दिवसांत इथे काही वेगळं घडलं का रे? कितीही बारीक."

त्यानं डोकं खाजवलं. पांढरे कण उडाले. "शनिवारी काकांनी मला पाण्यात साखर घालून आणायला पाठवलं. दारातूनच ग्लास घेतला, आत येऊ दिलं नाही. काका तर साखर खात नाहीत. मग ते पाणी प्यायलं कोणी?"

४

काका म्हणजे भिंगवाले काका. हरवलेलं भिंग त्यांच्याच हातचं. वय एकसष्ट, चाळीस वर्षं काचेत गेलेली. त्यांच्या खोलीत घोटाईची दोन मशीनं होती. पहिलं बंद होतं. दुसरं घरघरत होतं. लाल पॉलिशच्या चिखलात बरबटलेली एक काच त्यावर संथपणे फिरत होती.

"या आत्याबाई," काका म्हणाले. "पोराचा हात कसा आहे?"

आत्या जरा चपापली. कालपासून तिला भेटलेल्या प्रत्येकानं भिंगाबद्दल विचारलं होतं. हाताबद्दल विचारणारे हे पहिलेच.

"हात बरा आहे. पोराचं काही खरं नाही."

काकांनी हातातला काचेचा तुकडा पुसायला घेतला. आत्या बघत राहिली, कारण कुणी नीट काम करताना बघायला तिला आवडायचं. मऊ, पांढरं, धागे न सोडणारं कापड. काकांनी त्याचे चारही कोपरे आत घेतले, मग पुन्हा आत, मग एक घडी. कापडाची कड कुठेच बाहेर नव्हती. पुसायच्या बाजूला त्यांनी बोट लागू दिलं नाही.

"कडा आत का घेता?"

"कडेला धूळ असते. काचेला फक्त कोरी बाजू लागली पाहिजे." त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि मान अशी वळवली की डावा डोळा पुढे यावा.

"आणि मशीनवर काय लावलंय?"

"सरावाची काच आहे."

चाळीस वर्षांनी सराव? आत्याच्या मनात आलं, पण तिनं तोंड उघडलं नाही.

"काल सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच. मी जेवत नाही दुपारी. डोळे मिटून बसतो."

बाहेर पडताना तिला जिन्याखाली करंट भेटला. बिचारा स्विचचं झाकण उगाच उघडून पुन्हा बसवत होता.

"काकांना सांग गं जरा," तो पुटपुटला, "शनिवारी मी त्या दुसऱ्या मशीनचा पाण्याचा पंप दुरुस्त केला तर कालपासून ते सलग चालवतायत. ऑर्डर नाही, काही नाही. जळेल पंप."

आत्या दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थबकली. शनिवारी. पाण्याचा पंप. हा पोरगा त्या हातानं पाण्यात काम करत होता?

५

खोलीत येऊन तिनं दार लावलं आणि पट्टीवही काढली. आत्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक जखम या वहीत असते. तारीख, सूज, रंग, वास, पट्टी कशी होती, कशी बांधली. एकतीस वर्षांची सवय. सोबत तिनं मालकीणबाईंकडून नंबर सतराच्या नोंदींचा कागदही मागून आणला होता.

तिनं वहीतलं करंटचं पान उघडलं.

"शुक्रवार. पाणी वाहतंय. तोंड उघडं. कडा लाल, गरम. सूज तशीच."

शनिवार-रविवार तिची सुट्टी. त्यापुढे:

"सोमवार. कोरडी. कडा जुळल्या. लाली उतरली. गाठ नीटनेटकी. कापड आपलं नाही. मलमाचा गुण."

आत्या त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. लिहिलं होतं सगळं, वाचलं मात्र काहीच नव्हतं! सोमवारी ती स्वतःच्या मलमावर इतकी खूश झाली होती की बाकीचं तिच्या डोळ्यांआड गेलं. इतके दिवस न ऐकणारी जखम, आणि दोन दिवसांत शहाणी? मलमानं असं होत नाही. अशी जखम तिनं हजार वेळा पाहिली होती. लाकडाचं कुसळ, काचेचा कण, विरघळायचा राहिलेला टाका. आतलं परकं जे असतं ते बाहेर पडेपर्यंत जखम वाहत राहते. ते पडलं, की दोन दिवसांत सुकते.

तिनं दुसरा कागद उघडला. नंबर सतरा रोज दहा-बारा दारं उघडायचा. शनिवारी सकाळी अकरा-चाळीसपर्यंतच्या नोंदी होत्या. त्यानंतर काही नाही. सोमवारी एकही दार नाही. मंगळवारी एकच, एक बावीस. पुढे पुन्हा काही नाही.

आता राहिली पट्टीची गाठ. डाव्या हाताला पट्टी असताना एकट्या उजव्या हातानं तशी चापूनचोपून गाठ मारता येत नाही. कुणीतरी बांधून दिली होती. आणि ते कापड... आत्यानं डोळे मिटले. सोमवारी तिनं जखमेवरून उचललेलं ते पांढरं, मऊ कापड तिला स्वच्छ दिसलं. चारही कोपरे आत. कड कुठेच नाही.

तिनं खिडकीतून हाक मारली. "करंट! असशील तसा इकडे ये."

६

"शनिवारी पट्टी काकांनी बांधली ना?"

करंटचा चेहरा असा झाला की कुणीतरी त्याचा फ्यूज काढून नेला असावा.

"त्यांनी सांगितलं? शप्पथ घेतली होती त्यांनी!"

"त्यांनी काही सांगितलं नाही. साखरेच्या पाण्यानं सांगितलं. चक्कर आली होती का रे तुला?"

तो खाली मान घालून बोलू लागला. पंपाचं झाकण उघडताना पाणी अंगावर उडालं, पट्टी भिजून सुटली. त्यानं हात बघितला. पू, रक्त, सगळं एकदम. पुढचं आठवतं ते एवढंच, की तो जमिनीवर होता आणि काका त्याच्या तोंडाला ग्लास लावत होते. हाताला नवी पट्टी बांधून झालेली.

"सुई स्वतः टोचली तेव्हा काही झालं नाही तुला?"

"डोळे मिटून टोचली होती." तो जवळजवळ रडायला आला. "आत्या, मी सगळ्यांसमोर किती फुशारक्या मारल्या. आणि पू बघून आडवा झालो हे कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं मला."

"आणि सोमवारपासून दारं उघडत नाहीयेत, हे का नाही सांगितलंस?"

तो दचकला. "तुला कसं... आतून अजून सूज असेल म्हणून लागत नसेल असं वाटलं. कुणाच्या तरी मागून आत जायचो. मी म्हणणार होतो की चालत नाही, पण मग सगळे म्हणाले असते, बघा, गेली चिप फुकट."

"म्हणजे मूर्ख ठरण्यापेक्षा तुला चोर ठरणं परवडलं."

आत्यानं त्याचा हात हातात घेतला आणि ती कडक गाठ अंगठ्यानं हलकेच दाबली. "ही चिप नाही रे. ही बरी होत आलेल्या जखमेची गाठ आहे. तुझ्या हातात काही नाही. शनिवारपासून नाही."

त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम काळवंडला. त्यालाही कळलं होतं.

"काका? नाही आत्या. काका असं करणार नाहीत. त्यांनी मला आईसारखं सांभाळलं त्या दिवशी."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. तिलाही तेच खुपत होतं. "पाच वाजता चहाला सगळे जमतील. तुला तिथे सगळ्यांसमोर हात पुढे करायचाय आणि चक्कर आली होती हे सांगायचंय. जमेल?"

"पोलिस त्यापेक्षा सोपे."

७

पाच वाजता आत्या चहाच्या टेबलाशी आली तेव्हा तिच्या हातात टेबलटेनिसच्या बॅटसारखं एक यंत्र होतं. गल्लीच्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे, तिथून मागून आणलेलं. हरवलेल्या कुत्र्यांच्या मानेतली चिप त्यानं सापडते. दाराच्या कुलपापेक्षा ते कितीतरी ताकदवान. मालकीणबाई, वहिनी, थर्माकोल, काका, सगळे होते.

"हे कुत्र्याच्या चरबीतूनही वाचतं," आत्या म्हणाली. "यापुढे सूज-बीज काही चालत नाही. करंट, हात."

करंटनं हात पुढे केला. कानशिलं लाल झाली होती. यंत्र हातावरून एकदा फिरलं, उलटं फिरलं, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत फिरलं. ते गप्पच होतं.

"चालू तरी आहे का?" वहिनींनी विचारलं.

"चालू आहे. हात रिकामा आहे."

मग करंटनं सगळं सांगितलं. पंप, पू, चक्कर, सगळं. पट्टी बांधणाऱ्याचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. थर्माकोल हसायला लागला होता, पण वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच विरलं.

"चिप शनिवारी पट्टीबरोबर बाहेर पडली," आत्या म्हणाली. "ती ज्याच्या हाती लागली त्यानं मंगळवारी दार उघडलं. म्हणून एकदाच वाजलं. कोण ते मला कळलंय. पण मी नाव घेणार नाही. ज्यानं एवढ्या मायेनं पट्टी बांधली तो माणूस या पोराला पोलिसांच्या हाती जाऊ देईल, असं मला वाटत नाही."

चहा निवत होता. कुणीही कप उचलला नाही. लांबून दुसऱ्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. आत्याचा अंदाज माणसाच्या बाबतीत चुकला, तर उद्या दहा वाजता सगळं संपणार होतं.

काकांनी खिशातून चष्म्याची पेटी काढली. आतल्या कापडाची घडी उलगडली, कोपऱ्यामागून कोपरा. मग ते कापड यंत्राजवळ धरलं.

टूं.

करंटच दचकला सगळ्यांत आधी.

"त्याला परतच द्यायची होती," काका म्हणाले. "शुक्रवारी शेवटचं पुसताना कापडाखाली कण वाजला. बारीक, पण वाजला. चाळीस वर्षं ऐकलाय तो आवाज. चरा पडला असणार. मी शोधला आणि मला दिसेना. उजव्या डोळ्यावर सहा महिने झाले धुकं आहे. बाईंनाही दिसला नाही, सही झाली, माझा नंबर निघाला. मला झोप येईना. दुर्बिणीत तो चरा आयुष्यभर राहिला असता, आणि सांगावं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं. तेवढ्यात हे पोर माझ्या पुढ्यात आडवं झालं आणि कापडात हा दाणा आला. वाटलं, मंगळवारी न्यावं, बुधवारी रात्रीच्या आत घोटून परत ठेवावं. कोण बघतंय? बाई तीन वाजता दार उघडतील हे ध्यानीमनी नव्हतं. त्यानंतर जीभच उचलेना."

"भिंग कुठंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आत्याबाईंनी सकाळी पाहिलंय," काका म्हणाले.

"पाहिलं, पण ओळखलं आत्ता दुपारी," आत्या म्हणाली. "दुसऱ्या मशीनवर. लाल चिखलात बरबटलेलं. सगळ्यांनी कपाटं उघडली, पण फिरत्या काचेकडे कुणी बघितलं नाही."

८

सगळे धावलेच. मशीन थांबवलं, भिंग धुतलं, दिव्याखाली तिरकं धरलं. मालकीणबाईंना काही दिसेना, वहिनींना दिसेना. करंटनं नाक लावून बघितलं.

"आहे! कडेपासून दोन बोटं आत. केसाएवढा. अर्धा गेलाय."

काकांनी डोळे मिटले. चरा खरा होता, आणि आपले कानही खरे होते, एवढंच त्यांना ऐकायचं होतं बहुतेक.

मालकीणबाईंनी विचारलं, "उरलेला जायला किती वेळ?"

"तीन तास. ज्याला दिसतं असा कुणी शेजारी असला तर दोन."

"करंट, बस त्यांच्या शेजारी." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "काका, तुम्ही मला सांगायला हवं होतं. त्याच्यावर आळ आला तेव्हा तरी. हे मी विसरणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि हा चरा मला दिसला नव्हता, हेही."

रात्री आठच्या आत घोटाई पुरी झाली. करंट भिंगावर वाकून सांगत होता, "डावीकडे काका, अजून थोडं, हं, आता बास," आणि काका एका अक्षरानंही उलट न बोलता ऐकत होते. भिंगवाल्याला बास म्हटलेलं ऐकताना वर्कशॉपमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता वेधशाळेची माणसं आली, भिंग उजेडात फिरवून खूश झाली आणि घेऊन गेली. साडेदहाला करंट आत्याच्या दारात उभा. गळ्यात दोरी, दोरीला नवं कार्ड, नंबर सतरा. मुठीत तो काचेचा दाणा.

"आत्या, नीट उकळून घेतली तर परत बसवता येईल का गं ही? या वेळी पथ्यं पाळीन."

"बसव ना. डोळे उघडे ठेवून बसव."

करंट मुकाट्यानं गेला.

त्याच्या मागे काका उभे होते. ते आत आले, स्टुलावर बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. आत्यानं खिडकीचा पडदा सारला, उजेड घेतला, उजवी पापणी हलक्या बोटानं वर उचलली.

"मोतीबिंदू आहे. याला डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जायला हवं. उद्या मी येते बरोबर."

"ऑपरेशन?"

"पंधरा मिनिटांचं. नंतर पथ्यं मात्र माझी. जड उचलायचं नाही, चोळायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही."

काकांनी मान डोलावली. करंटसारखी नव्हे, खरोखरची.

ते गेल्यावर आत्यानं पट्टीवही उघडली आणि सोमवारच्या ओळीवर आली. "मलमाचा गुण" हे शब्द तिनं एक सरळ रेघ ओढून खोडले. जरा विचार केला, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: "पट्टी काकांनी बांधली होती. उत्तम बांधली होती."